पूर ओसरल्यावर गावात राहणारा गांजा

नदीचा पूर चढतो तेव्हा तो साऱ्या गावाला दिसतो. पाणी ओसरले म्हणजे पंचनामे सुरू होतात. किती घरे पडली, किती जनावरे दगावली, किती एकरांतील ऊस कुजला, किती विहिरी गाळाने भरल्या, याची रीतसर नोंद होते व त्या नोंदीप्रमाणे मदत मिळते. परंतु आपत्तीचे एक नुकसान असे आहे की, त्यासाठी पंचनाम्यात रकानाच नसतो. रात्रीची झोप गेली, कामावरचे मन उडाले आणि ते सारे विसरण्यासाठी घरातील कर्ता पुरुष किंवा तरुण मुलगा देवळामागे फिरणाऱ्या चिलमीपाशी जाऊन बसू लागला, ही गोष्ट कोणी लिहून घेत नाही. मदतीच्या गाड्या परत गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती घरच्यांच्या ध्यानी येते, आणि तोवर सवय जडलेली असते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच.

महाराष्ट्राला नैसर्गिक आपत्ती नवीन नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने हजारो माणसे गाडली गेली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा व वारणा या नद्यांच्या पुराने सांगली-कोल्हापूर भागातील लक्षावधी लोकांना घरदार सोडावे लागले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात बुडाले आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. अशा प्रसंगी अन्न, वस्त्र, निवारा व औषधे यांची तजवीज प्रथम करावी लागते, आणि ते योग्यच आहे. मनाच्या दुखापतीकडे आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या व्यसनाकडे मात्र तितके लक्ष सहसा जात नाही.

छावणीतील तिसरी रात्र

पुढील प्रसंग एका विशिष्ट गावचा नाही. कोणत्याही पूरग्रस्त गावी तो घडू शकेल. शाळेच्या इमारतीत छावणी आहे व एकेका वर्गात सात-आठ कुटुंबे उतरली आहेत. त्यांतील एका शेतकऱ्याच्या दोन म्हशी गोठ्यात बांधलेल्या अवस्थेतच बुडाल्या. दावी सोडावयास वेळ मिळाला नाही, ही गोष्ट त्याच्या मनातून जात नाही. डोळा लागला की पाण्याचा आवाज कानी येतो व तो दचकून उठतो. तिसऱ्या रात्री व्हरांड्यात बसलेला कोणी ओळखीचा मनुष्य त्याच्या हाती चिलीम देतो. “ओढा दोन झुरके, झोप लागेल,” एवढेच तो म्हणतो. त्या रात्री झोप लागते. चौथ्या रात्री शेतकरी न बोलावताच व्हरांड्यात जातो.

दिवाळीच्या सुमारास ग्रामकार्यकर्ता त्याच्या घरी जातो. शेतात गाळ तसाच आहे. बायको वैरणीच्या कामाला दुसऱ्याच्या रानात गेली आहे.

“तात्या, लागणीचं काय ठरवलंत?”

“बघू. अजून गाळ काढायचाय.”

“रात्री झोप लागते का?”

“ओढली तर लागते. नाही ओढली तर म्हशी दिसतात.”

या एका उत्तरात साऱ्या रोगाचे मूळ आहे. हा मनुष्य चैनीसाठी गांजा ओढीत नाही. बुडत्याने काडी धरावी तशी त्याने चिलीम धरली आहे. त्याला आळशी किंवा गंजेकरी म्हणून हिणविल्याने काडी सुटत नाही; उलट ती तो अधिकच घट्ट धरतो. म्हणून प्रथम ही काडी कशी फसवी आहे, हे कार्यकर्त्याने स्वतः समजून घ्यावयास हवे.

झोपेचे कर्ज

गांजातील मुख्य मादक द्रव्यास टीएचसी म्हणतात. चिलमीतून किंवा विडीतून ओढले असता ते काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोचते व त्याचा अंमल साधारणपणे दोन ते चार तास टिकतो. भांगेच्या रूपाने पोटात गेल्यास अंमल चढण्यास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्या वेळात ‘काहीच चढले नाही’ असे समजून मनुष्य आणखी घेतो व मग एकदम अतिरेक होतो.

सुरुवातीच्या दिवसांत गांजाने झोप लवकर येते व स्वप्ने कमी पडतात. ज्याला भयंकर स्वप्नांनी छळले आहे त्याला हे औषधच वाटते. परंतु रोज घेणाऱ्याच्या मेंदूस त्याची सवय होते आणि तेवढ्याच झोपेसाठी अधिक मात्रा लागू लागते. पुढे एखाद्या दिवशी गांजा मिळाला नाही किंवा सोडावयाचे ठरविले, तर दडपून ठेवलेली स्वप्ने अधिक जोराने परत येतात. झोप उडते, चिडचिड होते, भूक मंदावते, अंगास घाम सुटतो, जीव एका जागी ठरत नाही. ही लक्षणे एक ते तीन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात तीव्र असतात व बहुधा दोन आठवड्यांत ओसरतात. झोपेची तक्रार मात्र काही काळ अधिक राहते.

शेतकऱ्याला वाटते, पुराची भीती परत आली. वास्तविक त्यातील बराचसा भाग गांजा सुटल्यामुळे आलेला असतो. गांजा हा झोपेचा सावकार आहे. पहिल्या रात्री तो मागेल तेवढी झोप उसनी देतो. पुढे व्याजापायी आपली स्वतःची झोपही त्याच्याकडे गहाण पडते. ही गोष्ट सोप्या शब्दांत समजावून दिली, म्हणजे ‘हे पंधरा दिवस कठीण जातील, पण ते जातील’ असा धीर सोडणाऱ्यास येतो. पुष्कळजण दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच माघार घेतात, कारण हा त्रास तात्पुरता आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

गांजा चाखणारा प्रत्येक मनुष्य व्यसनी होतो असे नाही. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे दहांपैकी सुमारे एकास व्यसन जडते. कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांपैकी एक इतके वाढते. मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असल्यामुळे मुलांना धोका अधिक. ज्यांच्या घराण्यात वेडाचा विकार आहे, त्यांना भास होणे, संशय घेणे असे विकार गांजामुळे जडण्याची भीती विशेष असते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख व या पदार्थांमुळे अडचणीत आलेल्यांची संख्या सुमारे ७२ लाख आढळली. दारूचे प्रमाण याहून पुष्कळच मोठे आहे. परंतु आपत्तीच्या काळी दारू व गांजा हे पुष्कळदा हातात हात घालून येतात, आणि चिलमीत गांजासोबत तंबाखू असल्याने त्याचीही सवय जडते.

घर सुटण्याशी संबंध

आपत्ती आणि गांजा यांच्या संबंधाची पद्धतशीर मोजणी अमेरिकेत झालेली आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना नावाच्या चक्रीवादळाने त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यास तडाखा दिला. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले व सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. पुढील महिन्यात रीटा हे दुसरे वादळ आले. तेथील सरकार दरवर्षी घरोघर जाऊन मादक पदार्थांच्या वापराची पाहणी करते. त्या पाहणीत असे आढळले की, आपत्तिग्रस्त भागातील ज्या प्रौढांना दोन आठवडे किंवा अधिक काळ घराबाहेर राहावे लागले, त्यांच्यामध्ये गांजा व सिगारेट ओढण्याचे प्रमाण, त्याच भागातील घर न सुटलेल्या लोकांपेक्षा अधिक होते.

अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण त्यांपैकी काही लोक पूर्वीही गांजा ओढीत असतील. तरीसुद्धा ग्रामकार्यकर्त्याने त्यातून एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाणी किती चढले याइतकेच, मनुष्य किती दिवस घराबाहेर, कामाबाहेर व शेजाराबाहेर राहिला, याला महत्त्व आहे. ज्या कुटुंबाचा छावणीतील मुक्काम लांबला, त्या कुटुंबाकडे अगोदर लक्ष द्यावे. आपत्ती सोसलेली बहुतेक माणसे व्यसनाविनाच सावरतात. सावरण्यास लागतो तो आधार वेळेवर मिळणे, एवढाच प्रश्न असतो.

शेतकामातील धोका

गांजाच्या अमलाखाली स्मरण कमी होते, लक्ष विचलित होते, वेळेचा अंदाज चुकतो व हातापायांची हालचाल संथ होते. घरी बसलेल्या मनुष्यास हे जाणवत नाही; शेतात मात्र ते जिवावर बेतू शकते. पुरानंतरची शेतकामे एरवीपेक्षाही जोखमीची असतात. भिजलेल्या मोटारी जोडावयाच्या असतात, विजेच्या तारा लोंबकळत असतात, विहिरीत उतरून गाळ काढावयाचा असतो, पाचटात साप आश्रयास आलेले असतात. कडबाकुट्टी, मळणीयंत्र व ट्रॅक्टर यांवर क्षणभराची बेसावधी पुरेशी होते. कीटकनाशकाचे माप चुकले तर पीकही जाते व फवारणाराही आजारी पडतो. अंमल उतरला असे वाटल्यावरही काही तास अशा कामास हात लावू नये. ‘गांजा घेतला की काम रेटते’ ही समजूत चुकीची आहे. श्रमाची जाणीव बोथट होते एवढेच. आणि दुखापतीची सूचनाही बोथट होते.

अडलेल्या शेतकऱ्यापुढील आमिष

आपत्तीनंतर गांजा दुसऱ्या वाटेनेही गावात शिरू पाहतो. पीक गेलेले, कर्ज थकलेले, हाती पैसा नाही, अशा वेळी कोणी परका मनुष्य थोडे बी देतो व उसाच्या सरीत दहा-वीस झाडे लावण्यास सुचवितो. माल तोच उचलील, पैसे रोख देईल, असे सांगतो. ऊस, तूर, कपाशी यांसारख्या उंच पिकांत गांजाची झाडे दडवून लावल्याचे पोलिसांच्या कारवायांत वेळोवेळी उघडकीस आले आहे. बी देणारा नामानिराळा राहतो. सातबारा उतारा मात्र शेतकऱ्याच्या नावाचा असतो.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याप्रमाणे गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या जमिनीत कोणी अशी बेकायदा लागवड केली असल्यास ती त्वरित कळविण्याचे कर्तव्य जमीनधारकावर आहे. तसेच कर्तव्य सरकारी कर्मचारी, पंच, सरपंच व गावचे इतर अधिकारी यांच्यावरही कायद्यानेच टाकलेले आहे. जाणूनबुजून कसूर करणारा शिक्षेस पात्र ठरतो. पुरात वाहून आलेल्या बियांपासून अनोळखी झाडे उगवली, तरी ती दडवून न ठेवता कळविणे हिताचे.

मात्र ओळख पटल्यावाचून कोणावर आळ घेऊ नये. गांजाचे झाड वर्षायू असून पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढते. पान हाताच्या पंजासारखे, बहुधा पाच ते नऊ अरुंद पर्णिकांचे व करवतीसारख्या कडांचे असते. नर व मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडाचे चिकट फुलोरे म्हणजे गांजा, त्यांतील राळ म्हणजे चरस व पानांची होते ती भांग. बांधावरील अंबाडीचे पानही पुष्कळसे असेच दिसते, इतके की तिच्या शास्त्रीय नावातही गांजाच्या झाडाशी असलेल्या साम्याचा उल्लेख आहे. परंतु अंबाडीला मध्यभागी गडद रंगाचे मोठे पिवळसर फूल येते व तिचा पाला चवीस आंबट असतो. अंबाडीच्या भाजीवरून एखाद्या गरिबाच्या दारी पोलीस आणण्याची चूक होऊ नये.

गांजाचे सेवन हाही गुन्हाच आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु याच कायद्यात सुटकेचा मार्गही ठेवलेला आहे. व्यसनी मनुष्य केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला, आणि त्याने स्वेच्छेने शासनमान्य रुग्णालयात किंवा केंद्रात उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. पोलिसांच्या भीतीने जो दवाखान्याची पायरी चढत नाही, त्याला ही तरतूद अवश्य सांगावी.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे

आपत्तिग्रस्तांना मानसिक प्रथमोपचार कसा द्यावा, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचे सार तीन शब्दांत सांगता येते : पाहा, ऐका, जोडून द्या. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. त्यास अनुसरून गावपातळीवर पुढील गोष्टी करता येतील.

१. झोपेविषयी विचारावे. ‘गांजा ओढता का?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही. ‘झोप लागते का? जेवण जाते का?’ या प्रश्नांना मिळते. विचारल्यावर मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. नको असल्यास दुःखद प्रसंग पुन्हा सांगावयास लावू नये.

२. छावणीत रात्रीची व्यवस्था ठेवावी. दिवाबत्ती असावी, वडीलधाऱ्या मंडळींची पाळीने गस्त असावी, तरुणांसाठी भजन, वाचन किंवा खेळ यांची सोय असावी. शाळा लवकर सुरू कराव्यात. पोरे दिवसभर रिकामी राहिली की चिलमीच्या कोंडाळ्यात ओढली जातात.

३. हाताला काम द्यावे. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राने लक्षावधी माणसांना नालाबांध, पाझर तलाव व रस्ते यांच्या कामांवर लावले. त्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. आपत्तीत सापडलेल्या मनुष्याला धान्याइतकीच कामाचीही गरज असते, हा त्या दुष्काळाचा धडा आहे. गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे, रोपवाटिका तयार करणे ही कामे दहा-दहांच्या टोळ्यांनी, एकमेकांच्या शेतात पाळीने करावीत. दिवसभर राबलेल्या शरीरास झोप येते आणि सोबतीने राबल्यावर मनही हलके होते.

४. मदतीच्या रकमेचे नियोजन कुटुंबाने मिळून करावे. रक्कम हाती येताच बियाणे, खत, जनावरे व घरदुरुस्ती यांचा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून मांडावा. महिला बचत गटांचे यात मोठे साहाय्य होते.

५. सोडू इच्छिणाऱ्यास पंधरा दिवस सांभाळावे. त्याला कोंडणे, बांधणे, मारणे हे अमानुष आहे व निरुपयोगीही. पाणी व साधे जेवण, संध्याकाळनंतर चहा बंद, रात्री सोबत, पहाटे फिरणे किंवा शेतकाम, असा क्रम ठेवावा. गांजा सोडल्याने सहसा जिवास धोका नसतो. दारूचे तसे नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून अशा मनुष्यास प्रथम दवाखान्यातच न्यावे. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नयेत.

६. धोक्याची लक्षणे ओळखावीत. कानात आवाज येणे, घरच्यांवर विषाचा संशय घेणे, ‘जगून काय करायचे’ असे बोलणे, यांपैकी काही आढळल्यास मनुष्यास एकटे सोडू नये. कीटकनाशके कुलपात ठेवावीत व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे. मानसिक त्रासासाठी १४४१६ व व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो. पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे राज्यात आहेत. त्यांचेही साहाय्य घ्यावे.

७. श्रद्धेचा उपहास करू नये. ‘हा शंकराचा प्रसाद आहे’ असे म्हणणाऱ्याशी वाद घालून काही साधत नाही. प्रसाद सर्वांना वाटतात, मुलाबाळांनाही देतात. ही चिलीम तुम्ही आपल्या मुलाच्या हाती द्याल काय, एवढेच विचारावे.

आणखी एक रकाना

वर सांगितलेल्या शेतकऱ्याच्या शेतातील गाळ काढण्यास दहा माणसांची टोळी चार दिवस आली, तर त्याची लागण होईल. घरी रात्री भावाने सोबत केली, तर पहिला कठीण आठवडा पार पडेल. म्हशी त्याला पुढेही आठवतील, कारण त्या त्याच्या होत्या व त्याने त्या जिवापाड वाढविल्या होत्या. ते दुःख काढून टाकणे कोणाच्याही हाती नाही. त्या दुःखावर सावकारी करणारा गांजा मात्र गावाला हटविता येतो.

त्यासाठी पंचनाम्यात जो रकाना नाही, तो ग्रामकार्यकर्त्याने आपल्या वहीत आखून घ्यावा. प्रत्येक आपत्तिग्रस्त कुटुंबापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : घरात कोणाला झोप लागत नाही, कोण कामावर परतलेला नाही, आणि पुन्हा भेटावयाचे कधी. पहिली भेट पाणी ओसरताच, दुसरी महिन्याने व तिसरी तीन महिन्यांनी घ्यावी. ही वही कोणास दाखवावयाची नसते व तिच्यातील नावे चावडीवर बोलावयाची नसतात. परंतु ती नियमाने भरली गेली, तर छावणीतील तिसऱ्या रात्री व्हरांड्यात बसलेल्या मनुष्याजवळ चिलीमवाल्याच्या आधी कोणीतरी आपले माणूस पोचेल.